बिनबोभाट आलेल्या दाढेस

वालूर, ता. सेलू, जि. परभणी



हे पत्र पाकिटात घातलेलं नाही. ज्यांच्या तोंडात तू राहतेस त्यांनीही ते वाचावं, म्हणून उघडंच ठेवलंय. तुझ्याविषयी तक्रार नाही. तुझ्यावर जो खर्च वेळेवर होत नाही आणि म्हणून पुढं कितीतरी पटीनं होतो, त्याचा हिशेब तेवढा मांडायचाय.

आधी तुझी ओळख करून देते, कारण आमच्याकडं तुला कुणी ओळखतच नाही. पोरगं पहिलीत जायला लागतं तेव्हा त्याचे पुढचे दुधाचे दात हलू लागतात. त्यांचं केवढं कौतुक! कुणी दोरा बांधून ओढतं, पडलेला दात कुणी पत्र्यावर फेकतं, कुणी उंदराच्या बिळात टाकायला लावतं. बोळक्या तोंडाचा फोटो पुण्याच्या मावशीला जातो. त्याच दिवसांत तू शेवटच्या दुधाच्या दाढेमागं हिरडी फोडून वर येतेस. वर दोन, खाली दोन. तुझ्यासाठी कुणी पडत नाही, कुणाची जागा रिकामी होत नाही, म्हणून लक्षही जात नाही. घरातल्या कुणी आत बघितलंच, तर "दुधाचीच हाय, पडतीच की" म्हणून विषय संपतो.

तू पडत नाहीस. तू कायमची. पुढची साठ-सत्तर वर्षं भाकरी चावायचं मुख्य काम तुझंच. तुझं कवच बाळाच्या जन्माच्या सुमारासच जबड्यात घट्ट व्हायला लागलेलं असतं, आणि माणसाच्या शरीरात त्याच्याहून कठीण दुसरं काही नाही. पण ते घडवणाऱ्या पेशी तू तोंडात येईपर्यंत संपलेल्या असतात. मोडलेलं हाड जुळतं, फाटलेली कातडी भरते. तुझ्या कवचाला भोक पडलं तर ते बुजवायला आतून कुणी येत नाही. त्यात तुझ्या माथ्यावरच्या घळी इतक्या अरुंद की ब्रशचा केस आत शिरत नाही. अर्धवट वर आलेली असतेस तोवर तू शेजारणीपेक्षा बुटकी, त्यामुळं ब्रश तुझ्या डोक्यावरून निघून जातो. आणि घासणारा हात असतो सहा वर्षांच्या पोराचा. भारतीय दंत परिषदेनं २००२-०३ मध्ये देशभर पाहणी केली, तेव्हा बारा वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले. पस्तीस ते चव्वेचाळीस वयाच्या माणसांत हे प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या आसपास होतं. त्यातला तुझा वाटा मोठा असणार, कारण कायमच्या दाढांत तोंडात पहिल्यांदा येणारी तू.

आता हिशेब. कीड सुरू होते ती खडूच्या रंगाचा पांढरा डाग म्हणून. तेवढ्यावर असताना पेस्टमधलं फ्लोराईड आणि लाळेतली खनिजं मिळून तो डाग परत घट्ट करू शकतात. या टप्प्यावरचा खर्च म्हणजे पेस्टचा खर्च. पुढं काळी टिकली होते, मग खड्डा. सेलूला जाऊन तो भरून घेतला तर काही शे रुपयांत भागतं. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली की रूट कॅनाल आणि वर टोपी. तालुक्याच्या गावालाही हे दोन्ही मिळून चार-पाच हजारांच्या घरात जातं, टोपी भारीची घेतली तर त्याच्याही पुढं. शिवाय दोन-तीन चकरा. प्रत्येक चकरेला एका मोठ्या माणसाची मजुरी बुडते, पोराची शाळा बुडते, आणि गाडीभाडं वेगळं. कापूस-सोयाबीनचे पैसे येतात दिवाळीच्या मागंपुढं. तू मात्र नेमकी पेरणीच्या तोंडावर ठणकतेस. मग ते पाच हजार कुणाकडून तरी उसने घेतलेले असतात.

ज्यांना हे झेपत नाही ते म्हणतात, काढून टाका. काढणं स्वस्त दिसतं, आणि खरी महाग गोष्ट तिथूनच सुरू होते. तू गेलीस की मागची दाढ रिकाम्या जागेत कलते, समोरच्या जबड्यातली तुझी जोडीदारीण हळूहळू त्या जागेकडं सरकते, घास दुसऱ्या बाजूनं चावला जातो आणि तिकडच्या दाढा लवकर झिजतात. कलत्या दाढेच्या फटीत अन्न अडकून तिथं नवी कीड. चाळिशीला ब्रिज बसवायचा म्हटलं तर दहा-पंधरा हजार सहज मागतात. आरोग्य योजनेचं कार्ड घरात असलं तरी दात भरणं, रूट कॅनाल अशी कामं त्यात सहसा बसत नाहीत. ती कार्डं मुळात दवाखान्यात भरती होणाऱ्यासाठी. म्हणजे तुझं बिल गरिबाला बहुतेकदा थेट खिशातून भरावं लागतं. आणि खिसा उघडतो दुखल्यावरच. तू स्वस्तात वाचण्यासारखी असतेस तोवर दुखत नाहीस. दुखायला लागतेस तेव्हा स्वस्त राहिलेली नसतेस. माझं सगळं म्हणणं या एका अडचणीभोवती आहे. त्यात आईबापाच्या अडाणीपणाचा भाग मला फार दिसत नाही. ज्याच्या घरात दुखणारी दहा कामं रांगेत उभी आहेत, तो न दुखणाऱ्या दाढेकडं कशाला बघेल?

दुखू लागल्यावर मात्र उपायांना तोटा नसतो. लवंगेचं तेल, कापसाचा बोळा, मेडिकलमधून आणलेली गोळी, खड्ड्यात दाबलेली तंबाखूची चिमूट. लवंगेनं खरंच बधिरपणा येतो, ते खोटं नाही. पण कीड आत चालूच राहते. सगळ्यात नामी उपाय भुईरिंगणीच्या बियांच्या धुरीचा. तापल्या तव्यावर बिया टाकायच्या, धूर नळीनं तोंडात घ्यायचा, मग पाण्याच्या वाटीत पांढरे "किडे" पडलेले दाखवायचे. ते किडे म्हणजे तापून फुटलेल्या बियांमधले कोंब. यात आपण एकटेच भाबडे नाही. दातात किडा असतो ही समजूत जगभर हजारो वर्षं होती. फ्रान्समधल्या पिएर फोशार नावाच्या दंतवैद्यानं १७२८ साली मोठा ग्रंथ लिहिला, त्यात असा किडा आपल्याला कधी दिसला नाही असं नोंदवलं. इंग्लंडात तर हीच धुरी दुसऱ्या एका विषारी झाडाच्या बियांची देत. दुखणाऱ्या माणसाकडून पैसे काढण्याची युक्ती सगळीकडं सारखीच.

कीड लावणारे जंतू असतात, पण ते डोळ्यांना दिसत नाहीत, आणि ते तुला कुरतडतही नाहीत. तोंडात साखर किंवा चिकट पिठूळ काही आलं की ते त्याचं आम्ल करतात, आणि आम्ल तुझ्या कवचातली खनिजं विरघळवतं. एकदा गोड खाल्लं की पुढं अर्धा-पाऊण तास हे चालतं, मग लाळ हळूहळू भरपाई करते. म्हणून गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे महत्त्वाचं. लग्नात पंगतीला एकदा पाच गुलाबजाम खाणारं पोर त्या मानानं बरं. दिवसभर खिशातल्या गोळ्या चघळणारं, पाच रुपयांचा बिस्किटपुडा चार वेळा फोडणारं, चहात टोस्ट बुडवणारं पोर तुला दिवसभर आम्लात ठेवतं. गोड बंद करा असं मी सांगणार नाही, कुणी ऐकणारही नाही. गोड जेवणाबरोबर द्या, अधेमधे नको, आणि रात्री दात घासल्यावर पाण्याशिवाय काही नको. झोपेत लाळ कमी सुटते; तेव्हा तोंडात राहिलेलं बिस्कीट रात्रभर तुझ्या घळीत बसून असतं.

आमच्या गावात एक चक्राकार बारव आहे. पायऱ्या गोल फिरत खाली पाण्यापर्यंत जातात. बघायला लांबून लोक येतात. ही बारव कितीतरी वर्षं गाळानं आणि कचऱ्यानं भरून गेली होती. मग गावकऱ्यांनीच मनावर घेतलं, टोपल्यांनी गाळ उपसला आणि पायऱ्या उघड्या पडल्या. बांधणाऱ्यांनी काही कमी केलं नव्हतं. दगड जिथल्या तिथं होते. दर साली उन्हाळ्यात चार टोपल्या काढल्या असत्या तर एवढा उपसा करावाच लागला नसता, हे तेव्हा काठावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होतं. हे कळणाऱ्या गावाला तुझं गणित समजावून सांगायला मला लाज वाटू नये.

तरीही एक गोष्ट मोकळेपणानं सांगते. ती दंतवैद्यांना कदाचित आवडणार नाही. "दर सहा महिन्यांनी तपासणी, दर सहा महिन्यांनी सफाई" हा सल्ला सगळ्यांनाच देण्यामागं म्हणावा तसा भक्कम पुरावा नाही. जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात, मोठ्या माणसांची तपासणी दर सहा महिन्यांनी केली काय आणि धोका बघून दोन वर्षांपर्यंत लांबवली काय, फारसा फरक दिसला नाही. ज्यांना हिरड्यांचा गंभीर आजार नाही अशा मोठ्यांना नेमानं सफाई करून घेतल्याचा दोन-तीन वर्षांत विशेष फायदा झाला नाही, असं २०१८ च्या आढाव्यात आलं. या चाचण्या प्रामुख्यानं ब्रिटनमधल्या, आणि ज्याला मधुमेह आहे, ज्याच्या हिरड्यांतून रक्त येतं किंवा जो तंबाखू खातो त्यानं त्यांच्यावर विसंबू नये. अशा माणसानं सफाई करून घ्यावीच. सफाईनं दात हलतात ही भीती खोटी. दात आधीच सैल झालेले असतात आणि दगडासारखा साचलेला थर त्यांना धरून असतो, तो निघाल्यावर खरं दिसतं एवढंच. पण धडधाकट माणसाचे चार पैसे वाचवायचे तर ते सफाईवर घालण्याआधी तुझ्यावर घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुझ्यावर म्हणजे कशावर? पहिली गोष्ट पेस्ट. नळीच्या मागं बारीक अक्षरांत फ्लोराईड १००० पीपीएम असं लिहिलेलं असतं. आपल्याकडं कायद्यानं तीच वरची मर्यादा. ते लिहिलेलं नसेल तर पेस्टचा रंग, वास आणि जाहिरातीतली जडीबुटी यांनी किडीला फारसा फरक पडत नाही. राखुंडीनं, कोळशानं, लाल मंजनानं दात चकाकतात, पण खरखरीत पूड कवच झिजवते आणि फ्लोराईड काही देत नाही. बाभळीच्या काडीला मी नावं ठेवणार नाही. नीट चावून कुंचला केलेली काडी मळ काढते. पण तुझ्या माथ्यावरच्या घळीपर्यंत ती पोचत नाही, आणि सहा वर्षांचं पोर ती नीट वापरत नाही. मिस्रीचं मात्र कुणी कौतुक करू नये. दात घासायच्या पेस्टमध्ये आणि पुडीत तंबाखू घालायला केंद्र सरकारनं १९९२ सालीच बंदी केली, पण भाजलेली तंबाखू घरच्या घरी चुलीवर होते, तिला कोण अडवणार? २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले चोवीस टक्क्यांहून अधिक प्रौढ धूर न काढता तंबाखू वापरत होते. सकाळी मिस्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणणाऱ्या बायका मी जन्मभर बघत आलेय. त्यांच्या हिरड्या खाली सरकलेल्या, मुळं उघडी, आणि तोंडात पांढरा चट्टा आला तर तो कशाचा हे सांगायला घरात कुणी नाही. तीन आठवड्यांत न भरणारा चट्टा किंवा जखम दाखवायलाच हवी. तिथं पैशाची गोष्टच नको.

पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. वाटाण्याएवढी म्हणजे सुमारे पाव ग्रॅम. दोन वेळच्या हिशेबानं वर्षाला एकशे ऐंशी ग्रॅमच्या आसपास, म्हणजे शंभर ग्रॅमच्या दोन नळ्याही पुऱ्या लागत नाहीत. जाहिरातीत ब्रशभर लाट दाखवतात ती विक्रीसाठी. घासून झाल्यावर थुंकायचं, पण खळखळून चुळा भरायच्या नाहीत. फ्लोराईड थोडा वेळ दातावर राहू द्यायचं. तीन वर्षांच्या आतल्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढीच. सात-आठ वर्षांचं होईपर्यंत रात्रीचं घासणं मोठ्यानं करावं, आणि पोराचा ब्रश आडवा धरून सगळ्यात मागं, तुझ्या माथ्यावर फिरवावा.

फ्लोराईडचं नाव काढलं की आमच्याकडं कुणीतरी हमखास म्हणतं, त्यानं दात पिवळे पडतात, हाडं वाकतात. ही भीती हवेतली नाही. नांदेड जिल्ह्यातल्या किनवट भागात पाण्यातल्या जादा फ्लोराईडनं माणसांचे दात डागाळलेत, आणि खडकात खोल गेलेल्या बोअरच्या पाण्यात ते जास्त सापडू शकतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दीडच्या वर नको, अशी भारतीय मानकाची मर्यादा आहे. म्हणून बोअरचं पाणी तपासून घ्यावं. पण ते रोज लिटरवारी पोटात जाणारं पाणी, आणि हे थुंकून टाकायचं पाव ग्रॅम. दोन्हीला एकच नाव असलं म्हणून भ्यायचं कारण नाही.

दुसरी गोष्ट तुझ्या घळी बुजवण्याची. सहा-सात वर्षांच्या पोराची दाढ पूर्ण वर आली की दंतवैद्य त्या घळीत पातळ लेप भरतो. सुई नाही, मशीन नाही, दुखत नाही. खर्च रूट कॅनालच्या कितीतरी खाली. गावात वीज कधी असते कधी नसते, त्याचंही कारण चालत नाही: टांझानियात १९८० च्या दशकात हातातल्या साध्या हत्यारांनी किडलेला भाग खरवडून चिकट सिमेंट भरायची पद्धत निघाली, तिला ना वीज लागते ना खुर्ची. जपानातून आलेलं चांदीचं औषध, सिल्व्हर डायअमाइन फ्लोराईड, किडीवर थेंबभर लावलं की ती बऱ्याचदा थांबते. डाग मात्र काळा पडतो. दुधाच्या दातावर आणि मागच्या दाढेवर काळ्या डागाची कुणाला पर्वा? फ्लोराईड पेस्ट, हे औषध आणि ते सिमेंट जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. आपल्या सरकारी दवाखान्यात ते का मागू नये?

यंत्रणा मुळातच नाही असंही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, आणि तपासायच्या तीस गोष्टींत दातांचा आजार आहे. पथक बघतं, लिहितं, चिठ्ठी देतं. ती चिठ्ठी दप्तरात वहीच्या पानांत चुरगळून राहते. घरी पोचलीच, तर घरचे म्हणतात, दुखत तर नाही ना? मग बघू दिवाळीनंतर. या चिठ्ठीच्या पुढचं पाऊल कुणी आपलं मानत नाही, शाळाही नाही आणि दवाखानाही नाही. वर्गातल्या सहा चिठ्ठ्या एकत्र करून एक जीप सेलूला गेली तर सहा घरांची मजुरी वाचते, हे कुणी करून बघत नाही. सेलूला जे होत नाही त्यासाठी सरकारी दंत महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. सेलूहून परतूर-जालना करत रेल्वे थेट जाते. पण तिथं जायची वेळ येते तोवर तुझ्याबाबतीत उशीर झालेला असतो.

स्कॉटलंडमध्ये लहान मुलांच्या शाळेत रोज एकदा मास्तरांच्या देखरेखीखाली दात घासून घेतात. त्या कार्यक्रमाच्या खर्चाचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कार्यक्रमाच्या आठव्या वर्षापर्यंत पाच वर्षांच्या आसपासच्या मुलांच्या दातांच्या उपचारावरचा खर्च इतका घटला की वाचलेले पैसे कार्यक्रमाच्या वर्षाच्या खर्चाच्या अडीच पट भरले. फिलिपिन्समध्येही शाळेत हात धुण्याबरोबर रोज दात घासायचा उपक्रम चालतो. आपल्याकडं खिचडीच्या आधी हात धुवायची रांग लागतेच. खिचडीनंतर तिथंच दुसरी लागू शकते.

जिल्हा परिषदेच्या शाळेतली शंभर पोरं धर. पाव ग्रॅम पेस्ट, वर्षाचे दोनशे दिवस. झाली पाच किलो, म्हणजे शंभर ग्रॅमच्या पन्नास नळ्या. साठ-सत्तर रुपयांची नळी धरली तर तीन ते साडेतीन हजार. ब्रश पंधरा-वीस रुपयांचे, वर्षाला दोन, ते आणखी तीन-चार हजार. सगळं मिळून सात हजारांच्या आसपास. म्हणजे वालूरच्या दोन पोरांच्या तुझ्यासारख्या दोन दाढांना रूट कॅनाल आणि टोपी करायला जेवढे लागतील त्याहून कमीच, आणि त्यात शंभर पोरांच्या चारशे दाढांना दुपारचं एकदा पेस्ट लागते. रात्रीचं घरी. यातली अवघड गोष्ट पैशाची नाही. शंभर ब्रश नावं घालून वेगवेगळे, कोरडे, एकमेकांना न लागता ठेवायचे कुठं आणि रांगेशी उभं कोण राहणार, ही आहे. त्यावर शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत मी बोलणार आहे. लाकडी पट्टीला भोकं पाडून भिंतीवर ठोकायची असं माझ्या डोक्यात आहे. सुतार म्हणतो एका दिवसाचं काम.

तुझी,
वालूरची एक निवृत्त बाई

ता. क. बारा वर्षांच्या सुमारास तुझ्यामागं तुझी धाकटी बहीण येईल. तीही कुणाची जागा न घेता येते. तेव्हा पोरगं सातवीत असेल, तोंड उघडून दाखव म्हटलं तर दाखवणार नाही. तिच्यासाठी वेगळं पत्र लिहायचा कंटाळा आहे. हेच तिला वाचून दाखव.